खिडकी लागली की बाहेरचं बाहेर

३ नोव्हेंबर, सकाळी

हवा मोजायचं मशीन आणलं. दुकानदार साडेचार हजार म्हणत होता. मी उठून दारापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. तीन हजार नऊशेला दिलं. सहाशे वाचले. घरी येऊन खोकं उघडलं तर चार्जिंगची वायर नाही. परत टॅक्सी. वायरचे म्हणे वेगळे. तेवढ्यात टॅक्सीवाल्याने वेटिंग लावलं. खरा हिशेब केला : पाच हजार शंभरला पडलं. हिला तीन हजार नऊशेच सांगितलं आहे. ती म्हणाली, नाकाला तर फुकट कळत होतं.

गच्चीवर नेऊन लावलं : १७१. खाली हॉलमध्ये : १६८. म्हणजे मशीन खराब निघालं. कारण मध्ये माझी खिडकी आहे.

एकतीस वर्षं अॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या करतोय. सायकलला काचा बांधून सुरुवात केली, आज या गल्लीतल्या एकूण एक बिल्डिंगला माझ्या खिडक्या आहेत. दुकानावर पाटी आहे : खिडकी लागली की बाहेरचं बाहेर. ती काय शोभेला लावलेली नाही.

मशीन हौसेने आणलेलं नाही. पाऊस गेला, वारा पडला, शहराबाहेरची शेतं पेटली. समोरची पाण्याची टाकी सकाळी दिसत नाही, दुपारी दिसते, संध्याकाळी पुन्हा गायब. या दिवसांत नातीची, म्हणजे ठकीची, छाती भरते. वय सहा. गेल्या सीझनला दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. जावईबापूंची बदली बंदराच्या गावाला झाली तेव्हाच लेक आणि ठकी निघाल्या होत्या. मी अडवलं. म्हटलं, शाळा इथली चांगली, तुझी नोकरी इथली चांगली, घर तर काय, माझंच. लेक राहिली. पण काल जेवताना शांतपणे म्हणाली, बाबा, या वर्षी ठकीला एकदा जरी अॅडमिट करावं लागलं, तर आम्ही दोघी निघालो. मग आग्रह करायचा नाही.

ही शांतपणे बोलायची खोड तिने आईकडून उचलली. माझ्यावर गेली असती तर भांडता तरी आलं असतं.

ठरवलं : हवेच्या कारणाने या घरातून कोणी बाहेर जाणार नाही. ज्याने अख्ख्या शहराचा वारा अडवला त्याला एका पोरीपुरता धूर जड नाही. मूल वाढतं ते खिडकीच्या भरवशावर. उत्तम काच लावा, डॉक्टरचं तोंड बघावं लागत नाही.

५ नोव्हेंबर

मशीनला आमच्या घराची सवय होईना. हॉल १६०, स्वयंपाकघर १७५, ठकीची खोली १५८. मग डोकं चालवलं. कपड्यांच्या कपाटात ठेवून दार लावलं : ७२! फ्रिजमध्ये : १९!! म्हणजे मशीन चांगलं आहे, जागा चुकत होती.

हिला बोलावून दाखवलं. म्हणाली, छान, लेकीला सांगते, ठकीचं अंथरूण दुधाच्या पातेल्याशेजारी घाल.

फ्रिजच्या दाराला कडेने रबर असतं, हे लक्षात आलं. पण तो विषय वाढवायचा नाही. कारण बाजारात एक रबरवाला आहे. पलीकडच्या रस्त्यावर त्याचं दुकान. दारासारख्या उघडणाऱ्या, चारही बाजूंनी रबर लावलेल्या खिडक्या विकतो. दारासारखी उघडायची तर मग दारच लावा ना! पडदा कुठे लावायचा माणसाने? लोक त्याला रबरवाला म्हणतात. म्हणजे आधी मी म्हणायला लागलो, मग लोक.

८ नोव्हेंबर

दोष सापडला. खिडकीचा नाही, भोकांचा. स्लायडिंगच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या अंगाने भोकं पाडावी लागतात, नाहीतर पावसाचं पाणी पट्टीत साचून घरात येतं. बाकीचे दोन पाडतात, मी चार पाडतो. क्वालिटी. त्याच वाटेने धूर आत शिरतोय. पाण्यासाठी केलेला रस्ता धुराने वापरायचा, ही कुठली रीत?

मिस्त्रीला घरी बोलावलं. वर्कशॉपमध्ये माझ्यानंतर तोच. बोलतो कमी, हसतो जास्त. म्हणाला, मालक, भोकं बुजवल्यावर पाणी? म्हटलं, नोव्हेंबरात पाऊस काय तुझा काका पाडणार? म्हणाला, माझं काय, तुमचंच घर.

सगळी भोकं सिलिकॉनने बुजवली. हाताशी ट्यूब होत्याच, तर शटरच्या, म्हणजे सरकत्या काचेच्या, चारही कडांनी पट्टा ओढून टाकला. अख्ख्या घराला. मिस्त्री म्हणाला, मालक, आता ह्या उघडायच्या नाहीत. म्हटलं, उघडायच्या आहेत कोणाला?

मशीन : १५५. सिलिकॉन ओलं आहे. वाळलं की उतरेल.

९ नोव्हेंबर

सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो. वाळेपर्यंतच. डोळ्यांना जरा झोंबतं. ठकी शाळेतून आली ती उंबऱ्यातच थांबली. म्हणाली, आजोबा, आपण आता बरणीत राहायचं का? हुशार आहे. माझ्यावर गेली आहे.

दिवसभर खोकत होती. वास नवीन आहे म्हणून. लेकीने तोंडात धरायचा औषधाचा पंप दिला. हे पंपाचं प्रकरण मला पसंत नाही. आमच्या वेळी पंप सायकलला असायचा.

११ नोव्हेंबर

वास गेला. आकडा १३०! हिंमत धरली की होतं. मिस्त्रीला फोन करून सांगितलं. तो हसला.

साडेअकराला ही स्वयंपाकाला लागली. फोडणी पडली आणि मशीन ३४०. मग ४१०. लाल दिवा, शिवाय शिट्टी वाजवतं हे मला माहीतच नव्हतं. मी धावत जाऊन गॅस बंद केला. सांगितलं, सीझन संपेपर्यंत तळण बंद, फोडणी बंद, सगळं उकडून. ही कमरेवर हात ठेवून म्हणाली, अहो, बाहेरचा धूर बाहेरच राहतो आणि घरचा घरातच राहतो. तुमची खिडकी दोन्हीकडून इमानदार आहे हो.

दुपारी उकडलेले बटाटे. संध्याकाळी उकडलेले बटाटे. ठकीने विचारलं, आजोबा, आपल्यापैकी कोण आजारी आहे?

डास मात्र वाढले. आत अडकलेले बाहेर जाईनात. ठकीच्या खोलीत डासांची कॉइल मी जातीने लावतो. दारही ओढून घेतो. त्या बाबतीत माझा कोणावर विश्वास नाही.

१२ नोव्हेंबर

धुरामुळे शाळांना सुट्टी. उद्या लेक ऑफिसला, ही बहिणीकडे. म्हणाली, दोन तास श्वास घेऊन येते. ठकीला मी सांभाळणार. एवढी बोंब कशाला, पोरगी तर माझ्याकडेच रमते.

१३ नोव्हेंबर, दुपारी २

ठकी जेवली नाही. बटाट्यांना कंटाळली असेल. खोलीत झोपवली, कॉइल लावली, दार ओढलं. मी बाहेर बसून बिलं बघतोय.

शिट्टी येतेय. बारीक. ठकीच्या खोलीतून.

माझ्या कानाबद्दल बाजारात कोणीही सांगेल. रस्त्याने जाताना कुठल्या मजल्यावरच्या खिडकीचा रोलर झिजला आहे ते मी सांगतो. ही शिट्टी दोन शटर जिथे एकमेकांवर येतात तिथली. तिथे सिलिकॉन पातळ बसलं असणार. मिस्त्रीचा हात.

दुपारी ३

सापडत नाही. टिश्यू पेपरची पट्टी कडेने फिरवली. जरा वारा असला तरी पट्टी हलते. हलली नाही. शिट्टी मात्र चालू. एकसारखी नाही, थांबून थांबून येते. म्हणजे वारा झोताझोताने येतोय. बाहेर तर झाडाचं पान हलत नाही.

ठकी उठून बसली आहे. दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर. मी बिलं बघताना बसतो तशी. नकला करण्यात पटाईत. म्हणाली, आजोबा... आईला... बोलवा. म्हटलं, आईला ऑफिसात कशाला त्रास? आजोबांना शिट्टी सापडली की झालं. वरच्या कोपऱ्यात नवा पट्टा ओढला. शिट्टी वाढली. खोटारडी खिडकी. आयुष्यात असली खिडकी बघितली नाही.

रात्री, दवाखान्यात, बाकावर

साडेतीनला लेकीचा फोन आला, ठकी कशी आहे म्हणून. मी शिट्टीबद्दल सांगितलं. तिलाही ऐकू यावी म्हणून फोन खिडकीला लावला. ती म्हणाली, बाबा, फोन ठकीजवळ न्या. नेला. म्हटलं, बघ, खोलीभर घुमतेय.

ती ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा.

पुढचं लिहीत नाही. टॅक्सी वेळेवर मिळाली. भाव ठरवला नाही.

१४ नोव्हेंबर

ठकी ऑक्सिजनवर. बरी आहे. नाकाला मास्क, त्यातूनही विचारत होती, आजोबा, सापडली का?

डॉक्टरीणबाई वयाने लेकीएवढ्या, पण दम सासूचा. घरात काय जाळता म्हणाल्या. म्हटलं, काही नाही, तळणसुद्धा बंद केलंय. लेक म्हणाली, कॉइल. बाईंनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, बंद खोलीत? म्हटलं, बंद म्हणजे अशी बंद की मुंगी शिंकली तर बाहेर ऐकू यायचं नाही. त्यांनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढला, माझ्या कानात घातला आणि दुसरं टोक ठकीच्या पाठीवर ठेवलं. ऐका म्हणाल्या.

ऐकलं.

खिडकीची शिट्टी किंचित वरच्या सुरात असते. एवढा फरक ओळखायला हवा होता. पण खोलीत घुमल्यावर कोणाचाही कान फसेल.

कॉइल बंद केली आहे.

१६ नोव्हेंबर

ठकी काल घरी आली. लेकीने कपाटावरच्या बॅगा उतरवल्या. मी तिला नीट समजावलं. अॅडमिट म्हणजे काय? तीन दिवस, चार दिवस. ठकी दोनच रात्री होती. ही तर देखरेख झाली. शिवाय कारण कॉइल, हवा नव्हे. खिडकीचा तर संबंधच नाही. लेक घड्या घालत राहिली. म्हणाली, बाबा, मी काही बोलत नाहीये ना? मग तुम्हीपण बोलू नका.

तिच्या ऑफिसने बंदराच्या शाखेत बदली दिली. पुढच्या सोमवारी निघणार. आठ दिवस हातात आहेत. आठ दिवसांत मी दोन मजली बिल्डिंग काचेने मढवली आहे.

१७ नोव्हेंबर

रबरवाल्याला फोन केला. धंद्यात असं करावं लागतं. दुपारी ये म्हटलं, गल्लीत सामसूम असते. आला तो नावाची पाटी लावलेल्या गाडीतून. खिडकीतून खुणा करून दमलो. शेवटी खाली जाऊन म्हटलं, अरे, त्या नावावर चादर टाक. म्हणाला, काका, चादर टाकलेली गाडी लोक जास्त बघतात.

वर आला. काचेवर बोट फिरवलं, कडेला नाक लावलं. मी म्हटलं, बोल, कितीही बोल. म्हणाला, काका, राग मानू नका. स्लायडिंग बंद होतच नाही. एक शटर दुसऱ्याच्या आड जाऊन उभं राहतं, एवढंच. म्हटलं, एकतीस वर्षं करतोय मी. म्हणाला, एकतीस वर्षं आड उभं आहे.

पोरगा उद्धट आहे, पण मापं झकास घेतो. ठकीच्या खोलीला एक खिडकी द्यायची ठरली. म्हटलं, रविवारी बसव. हसला. म्हणाला, काका, सगळं शहर रांगेत आहे. जानेवारी. म्हटलं, माझ्यासाठीसुद्धा? म्हणाला, तुमच्यासाठीच जानेवारी, बाकीच्यांना फेब्रुवारी.

जाताना जिन्यात मिस्त्री भेटला त्याला. मिस्त्री वर आला. हसला नाही.

१८ नोव्हेंबर

लेकीला सांगितलं, जानेवारीत रबराची खिडकी येतेय, तेवढं थांब. तिला वाटलं होतं मी रबरवाल्याला बोलावणारच नाही.  ती जवळ येऊन बसली. म्हणाली, बाबा, धूर थांबणारे का तुमच्या खिडकीसाठी?

 

२१ नोव्हेंबर

पाऊस! नोव्हेंबरात! मिस्त्रीच्या काकाने मनावर घेतलेलं दिसतं. सकाळी नऊला सुरू झाला तो असा की पाण्याची टाकी धुऊन समोर उभी. छत्री घेऊन गच्चीवर मशीन नेलं : २४. चोवीस! फ्रिजपेक्षा थोडंच जास्त.

लेकीला हाक मारली, म्हटलं, ये, बघ, ही आपल्या शहराची खरी हवा. तीपण खूश झाली. म्हणाली, बाबा, खिडक्या उघडा.

गल्ली उघडत होती. तळमजल्यावरची कोरड्या रोलरची, तिसऱ्या मजल्यावरची तेल घातलेली, कोपऱ्यातल्या बिल्डिंगची जोडीची. सगळ्या माझ्या. एकेकीचा आवाज ओळखला. लोक नाकं बाहेर काढून उभे होते, एकमेकांना हात करत होते.

आमची एकही उघडेना. सिलिकॉन मी स्वतः ओढलेलं, क्वालिटी चांगली. ब्लेड मोडलं. दुसरं ब्लेड मोडलं. ठकी काचेला नाक लावून उभी. म्हणाली, आजोबा, सगळ्यांच्या उघडल्या, आपलीच का नाही? ही म्हणाली, आजोबांनी बनवली आहे ना, म्हणून.

तेवढ्यात पट्ट्या भरल्या. भोकं बुजवलेली. पाणी बाहेर जाईना म्हणून आत आलं. भिंतीवरून ठकीच्या गादीवर. मिस्त्रीला फोन केला. म्हणाला, मालक, मी तेव्हाच बोललो होतो.

मिस्त्री चारला आला, पाचला हॉलची एक खिडकी उघडली. तोवर पाऊस थांबला. मागच्या बाजूला भिजलेला कचरा कोणीतरी पेटवला होता. भिजल्यामुळे धूर जास्त. तो सगळा आत आला. १९०. खिडकी लावायला गेलो. लागेना. मिस्त्रीने कापताना पट्टी वाकवली.

लेकीने ओली गादी उभी केली, ठकीला पंप दिला आणि बॅगेची चेन ओढली.

२४ नोव्हेंबर

गेल्या. सीझनपुरत्याच. हीपण गेली, घर लावून द्यायला. लावून द्यायला दोन महिने लागतील म्हणाली. दोन खोल्या आहेत म्हणे.

मी कोणाला अडवलं नाही. स्टँडवर सगळ्यांना पाण्याच्या बाटल्या घेऊन दिल्या, सीट नंबर तपासले, ड्रायव्हरला काचा लावून घ्यायला सांगितलं. ठकी म्हणाली, आजोबा, तुम्हीपण चला ना. म्हटलं, वर्कशॉप कोण बघणार? म्हणाली, मिस्त्री. म्हटलं, मिस्त्रीला कोण बघणार? ती हसली. हसताना खोकला आला, म्हणून मग मी विनोद केले नाहीत.

लेक पाया पडली नाही, मिठी मारली. तशी सवय नाही तिला.

३ डिसेंबर

धंदा तेजीत. वर्तमानपत्रात धुराचे फोटो आल्यापासून फोन थांबत नाही. भोकं बुजवा, कडा बुजवा. 'धूर पॅकेज' काढलं आहे. पाट्या रंगवल्या. मिस्त्री म्हणाला, मालक, पाऊस आला तर? म्हटलं, पावसाचं वेगळं पॅकेज.

एका गिऱ्हाईकाच्या घरी पाळणा होता. बाई म्हणाली, काका, तुमच्या घरीपण असंच केलंय ना? म्हटलं, तर! अख्ख्या घराला. म्हणाली, नात बरी आहे ना तुमची? म्हटलं, उत्तम. आता तिची काही तक्रार नाही.

खोटं नाही.

त्या बाईला कॉइल लावू नका म्हणून सांगितलं. मिस्त्री ट्यूब हातात धरून थांबला होता. त्याला म्हटलं, भोकं राहू दे, कडा पण राहू दे. पैसे घेतले नाहीत. पॅकेज तसं चांगलं आहे, तिथे बसत नव्हतं एवढंच.

१९ डिसेंबर

घरात मी एकटा. स्वयंपाक नाही, फोडणी नाही, माणसांची ये-जा नाही. हॉल १२२. सुधारणा आहे. लेकीला फोनवर आकडा सांगितला. म्हणाली, जेवलात का? म्हटलं, बटाटे. तिने आईला फोन दिला. ही म्हणाली, अहो, आता तरी फोडणी घाला, आता कोणाला त्रास आहे? म्हटलं, राई संपली आहे. फोनचं बिल चालू होतं.

खोकला आहे. वर्कशॉपमधल्या अॅल्युमिनियमच्या पावडरचा असणार. डॉक्टरला दाखवायचं ठरवलं आहे. पुढच्या आठवड्यात.

१४ जानेवारी

रबरवाला बोलल्याप्रमाणे आला. ठकीच्या खोलीतली माझी खिडकी काढली. खाली उतरवताना त्याच्या माणसाने भिंतीला घासली, मी ओरडलो. जुनी चौकट गच्चीवर ठेवली आहे. फेकायची नाही. अॅल्युमिनियमचा उत्तम सेक्शन आहे, आता असला येत नाही.

नवी बसवली. कडीचा आवाज एकच येतो, घट्ट, पेटी बंद केल्यासारखा. दार लावून मशीन आत ठेवलं. तासाभराने दार किलकिलं करून बघितलं : ३८.

रबर चांगलं आहे.

१५ जानेवारी

सकाळी ठकीच्या खोलीत जाऊन बसलो. पंधरा मिनिटांत ३८ चे ७०. माझ्याच कपड्यांतला धूर असेल. बाहेर आलो. पुन्हा ३८.

खोलीत कोणी जायचं नाही असं ठरवलं. तसंही कोणी नाही.

९ फेब्रुवारी

डॉक्टरला दाखवलं. जाणार होतोच, मिस्त्रीने टॅक्सी आणली म्हणून आज गेलो. डॉक्टरने स्टेथोस्कोप लावला. मी म्हटलं, सांगू नका, मी ओळखतो. म्हणाला, काका, तुम्ही गावाला कोणाकडे जाऊन राहू शकता का? म्हटलं, आता सीझन आहे. म्हणाला, म्हणूनच. म्हटलं, धंद्याचा सीझन.

पंप दिला आहे. आकाराने सायकलच्या पंपापेक्षा लहान. आणून फ्रिजवर ठेवला.

१ मार्च

वारा सुटला! पहाटेपासून. समोरची टाकी, तिच्यामागची बिल्डिंग, तिच्यामागचा टेकाडावरचा टॉवर, सगळं दिसतं. टॉवर आहे हे मी विसरलो होतो. गच्चीवर ४१. घरात ४४. हिरवा दिवा. तो लागतो हेही विसरलो होतो.

मिस्त्रीकडून सगळ्या खिडक्यांचं सिलिकॉन काढून घेतलं. भोकं मोकळी केली. ठकीची गादी उन्हात घातली. चादर बदलली. तेल आणलं, राई आणली. फोडणी घालून बघितली, १६० पर्यंत गेला आणि परत खाली आला. शंभर टक्के तयार.

उद्या फोन करतो. सीझन संपला. मी काय म्हटलं होतं?

२ मार्च

फोन केला. लेकीने आधी माझा खोकला विचारला. म्हटलं, पावडर. मग आकडा सांगितला, हिरवा दिवा सांगितला, रबराची खिडकी सांगितली. म्हटलं, शनिवारी तिकिटं काढतो.

ती शांतपणे बोलली. ठकीचं नाव तिकडच्या शाळेत घातलं आहे. जानेवारीतच. मला सांगायचं होतं, पण मी खिडकीबद्दल एवढं बोलत होतो.

म्हटलं, ठीक आहे. माणसाने अडून बसू नये. वर्ष तिकडे काढा. पण मग ते घर तरी नीट करू द्या. मी येतो, मिस्त्रीला आणतो, रबरवाल्याचा सेक्शन आणतो, लाज सोडली आहे मी. ठकीच्या खोलीची खिडकी अशी करून देतो की बंदरातल्या बोटीचा भोंगासुद्धा आत येणार नाही. फक्त मापं पाठव. उंची, रुंदी, काच किती जाडीची आहे.

 मागून ठकीचा आवाज येत होता, आजीशी भांडत होती, एका दमात. लांबलचक वाक्य. मधे कुठे थांबली नाही. मी ऐकत राहिलो.

म्हटलं, काच किती जाडीची?

लेक म्हणाली, बाबा, त्या खिडकीला काच नाही. नुसती जाळी आहे.